अलार्मच्या कामासाठी दुबईला जावं का? घाटंजीकडच्या एका तरुणाला उत्तर

प्रश्न असा आहे: "आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालो. घाटंजीत कॅमेरे आणि अलार्म बसवायच्या दुकानात दोन वर्षांपासून कामाला आहे. नागपूरचा एक एजंट दुबईत सिक्युरिटी अलार्म इन्स्टॉलरचं काम लावून देतो म्हणतो. आधी व्हिजिट व्हिसा, तिथे गेल्यावर पक्का व्हिसा. एक लाख ऐंशी हजार मागतो. पासपोर्ट त्याच्याकडे जमा आहे. बाबा दीड एकर वावर सावकाराकडे टाकायला तयार आहेत. काका, जाऊ का? आणि तिथे कामाचं काय काय यावं लागतं?"

पासपोर्ट आधी परत घे, बाकीचं सगळं नंतर. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो आणि तो ज्याच्या नावाचा त्याच्याचजवळ असायला हवा. एजंटला झेरॉक्स पुरते. मूळ पासपोर्ट त्याच्या कपाटात असला की माणूस पुढच्या प्रत्येक बोलण्यात दबतो, आणि पैसे भरूनच तो सोडवावा लागेल असं त्याला वाटायला लागतं. मागूनही देत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे आणि पोच घे. बहुतेक वेळा तक्रारीचं नाव काढलं की पासपोर्ट निघतो.

आता मुख्य उत्तर. या व्हिसावर आणि या पैशात जाऊ नको. पण परदेशी जायचा विचारही सोडू नको. मी दुबईत आणि दोह्यात याच लाइनीत वर्षं काढली, आता वर्धेला राहून फायर अलार्मची कामं घेतो. आपल्याकडचे जे पोट्टे तिथे टिकले आणि जे सहा-आठ महिन्यांत परतले, ते हाताने सारखेच हुशार होते. ज्यांच्या व्हिसावर टेक्निशियनचा हुद्दा होता आणि ज्यांना टेस्टिंगचा कागद भरता येत होता, ते टिकले. तुझ्या प्रश्नातल्या सगळ्या गोष्टी मी याच दोन मुद्द्यांवर तपासतो.

व्हिजिट व्हिसावर काम करणं संयुक्त अरब अमिरातीत बेकायदेशीर आहे. पकडलं गेलं तर कंपनीला दंड होतो आणि कामगाराला परत धाडतात. मुदत संपूनही राहिलास तर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. "तिथे गेल्यावर पक्का करू" या वाक्याचा खरा अर्थ एवढाच, की आत्ता कोणतीही कंपनी तुला घ्यायला बांधील नाही. तू एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहणार, एजंटचा तिथला माणूस तुला दोन-चार ठिकाणी फिरवणार, आणि मुदत संपत आली की मिळेल त्या कामावर सही करायला लावणार. ते काम बहुतेकदा हेल्परचं किंवा साफसफाईचं निघतं. मग व्हिसावर तोच हुद्दा छापला जातो.

हा हुद्दा आपल्या धंद्यात फार महत्त्वाचा आहे. दुबईत कॅमेरे, चोरीचा अलार्म, ॲक्सेस कंट्रोल (कार्डाने किंवा बोटाने उघडणारी दारं) ही सगळी कामं सिरा या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली चालतात. २०१६ च्या कायद्याने ही संस्था झाली; त्याआधी हे काम दुबई पोलिसांचा एक विभाग बघायचा. सिराची मान्यता असलेल्या कंपनीनेच सिस्टिम बसवायची, आणि त्या कंपनीच्या टेक्निशियननेही सिराची परीक्षा देऊन कार्ड घ्यायचं. ज्याच्या व्हिसावर क्लीनर किंवा लेबर लिहिलं आहे, त्याला हे कार्ड काढताना अडचण येते. कार्ड नसलं की तो आयुष्यभर केबल ओढत राहतो. पॅनेलला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य डब्याला, हात लावू देत नाहीत. फायर अलार्मचं काम तिथे सिव्हिल डिफेन्सच्या अखत्यारीत येतं, त्याची मान्यता वेगळी. कतारमध्ये कॅमेऱ्यांसाठी गृहमंत्रालयाचा सिक्युरिटी सिस्टिम्स विभाग आहे, फायरसाठी तिथलं सिव्हिल डिफेन्स. सगळीकडे रीत तीच: मान्यता असलेली कंपनी, नोंद असलेला माणूस, तपासलेली सिस्टिम.

नोकरी शोधताना "सिक्युरिटी अलार्म इन्स्टॉलर" हे नाव आखातात फारसं सापडत नाही. तिथे या सगळ्या कामाला मिळून ईएलव्ही टेक्निशियन म्हणतात, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या सगळ्या सिस्टिम्स: कॅमेरे, अलार्म, ॲक्सेस कंट्रोल, पीए म्हणजे घोषणेचे स्पीकर, डेटा केबलिंग. जाहिरातीत ईएलव्ही टेक्निशियन, सीसीटीव्ही टेक्निशियन, फायर अलार्म टेक्निशियन हे शब्द शोध. ऑफर लेटरवरही यातलाच एखादा हुद्दा हवा.

पैशाचं बघू. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला तुझ्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही बँकेतून आणि पावती देऊन. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा तर असं सांगतो, की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. तुझा एजंट एक लाख ऐंशी हजार मागतो. यातच त्याची ओळख पटते.

समज, सगळं सुरळीत झालं आणि १,५०० दिरहम पगार, राहायला खोली कंपनीची, असं काम मिळालं. जेवण, फोन, साबण-सोडा, क्वचित बसचं भाडं धरून ६०० दिरहम जातातच. राहिले ९००. एका दिरहमचे चोवीस रुपये धरले तर महिन्याला २१,६०० रुपये. सावकाराचा दर शेकडा तीन असेल तर १,८०,००० वर महिन्याचं व्याजच ५,४०० झालं. हाती १६,२०० राहिले. यातून घरी एक रुपयाही न पाठवता मुद्दल फेडायला जवळपास वर्ष जातं. मुद्दल फिटेल तसं व्याज उतरेल असं तू म्हणशील, पण सावकार थोडी-थोडी मुद्दल घेतो का, हे बाबांना विचार.

आणि वावराचं म्हणशील तर आपल्या भागातले सावकार गहाणखत करत नाहीत, सरळ खरेदीखत करून घेतात, हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. तोंडी बोली गहाणाची, कागद विक्रीचा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण त्या तारखांना बाबा एकटे फिरतील आणि तू दुबईत अडकलेला असशील. बाबांना सांग, कोणत्याही कागदावर अंगठा-सही नको. ज्या नोकरीसाठी वावर द्यावं लागतं ती नोकरी घ्यायची नाही, हे मी कळवळून सांगतो, कारण अशी वावरं गेलेली घरं मी बघितली आहेत.

मग खरी नोकरी कशी ओळखायची? परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट हे पोर्टल आहे. त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, लायसन्स चालू आहे की रद्द तेही दिसतं. तुझ्या एजंटचं नाव तिथे शोध. "मी अमुक मोठ्या एजन्सीचा सब-एजंट आहे" असं तो म्हणाला तर त्या एजन्सीला थेट फोन लाव; फोन नंबर मात्र पोर्टलवरचाच घे, त्याने दिलेला नको. तू दहावी पास आहेस, म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीएनआर असणार, परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी तुला सक्तीची नाही. एजंट याचाच फायदा घेऊन म्हणतात की ई-मायग्रेटचा तुझ्याशी संबंध नाही. संबंध आहे. ईसीएनआर माणसालाही आखाती देशात कामाला जाताना तिथे स्वतःहून नोंदणी करता येते. आणि प्रवासी भारतीय बीमा योजना तुला घेता येते का ते बघ, येत असेल तर विसरू नको: दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. शिडीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसाने एवढे पैसे वाचवू नयेत.

दुबईची खरी ऑफर आली तर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं. त्यावर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर तपासता येतो. हा नमुना अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतो, तोच माग आणि घरी बसून वाच. त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती हे वेगळं लिहिलेलं असतं. मूळ पगाराचा आकडा बघ, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. एकूण १,५०० मध्ये मूळ पगार ७०० दाखवणाऱ्या कंपन्या असतात. ऑफर लेटरमध्ये जे आहे तेच नंतरच्या करारात यायला हवं. कमी करता येत नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकार मालकालाही नाही.

कतारची पद्धत मला आणखी बरी वाटते. त्यांचं व्हिसा सेंटर मुंबईत आहे, हैदराबादलाही आहे, आणि घाटंजीहून हैदराबाद तुला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही, सगळं तिथेच होतं, म्हणजे विमानात बसायच्या आधी पगाराचा आकडा तुझ्या डोळ्यांसमोर असतो. मार्च २०२१ पासून तिथे किमान मूळ पगार १,००० रियाल आहे. खोली कंपनी देत नसेल तर ५०० आणि जेवण देत नसेल तर ३०० रियाल वेगळे. यापेक्षा कमी कुणी सांगत असेल तर तो कायद्याच्या बाहेरचं बोलतो.

आता कामाचं. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण एजंटची परीक्षा कुणीही घेऊ शकतो, पण तुझी परीक्षा ट्रेड टेस्टला, म्हणजे भरतीच्या वेळच्या कामाच्या चाचणीला, बसलेला इंजिनिअर घेणार आहे.

तालुक्याच्या दुकानात आपण झोनची, म्हणजे सेन्सरच्या एका लाइनची, वायर कशी करतो ते आठव. मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट दारावर, दोन तारा पॅनेलपर्यंत, आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पॅनेलच्याच टर्मिनलमध्ये खोचून मोकळे. अलार्म वाजतो, गिऱ्हाईक खूश. पण तो रेझिस्टर लाइनच्या शेवटी, सेन्सरच्या डब्यात असायला हवा. पॅनेलमध्ये लावला तर मधे कुणी दोन तारा एकमेकींना जोडल्या की पॅनेलला फक्त रेझिस्टर दिसतो, त्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि दार उघडलं तरी आवाज नाही. शेवटी लावला तर तारा जोडल्या की शून्य दिसतं, तोडल्या की अनंत, आणि दोन्ही वेळा पॅनेल ओरडतं. टेस्टला हे विचारतातच. मल्टिमीटर लावून झोनवर किती ओहम दिसतात, बिघाड कुठे आहे, हे तुला बोलता बोलता सांगता आलं पाहिजे. तुझ्या दुकानात उद्यापासूनच रेझिस्टर सेन्सरपाशी लाव, मालकाला कारण समजावून सांग.

दुसरं, पीआयआर सेन्सर. तो माणूस बघत नाही, अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या गोदामात भिंतच अंगाएवढी तापते, तेव्हा पीआयआर आंधळा होतो. म्हणून अशा जागी तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा, टेम्परेचर कॉम्पेन्सेशनचा सेन्सर लावतात. आखातातल्या गोदामांतही तीच अडचण, तोच उपाय. जो पोट्टा पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या जिनिंगमध्ये हे अनुभवून गेला आहे, त्याला तिथे कुणी शिकवायची गरज पडत नाही. मुलाखतीत हे आवर्जून सांग.

वावरातलं झटका मशीनही लहान समजू नको. रोही आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावतो ते एनर्जायझर आणि परदेशात कारखान्याच्या भिंतीवर लावतात ते विजेचं कुंपण, दोन्हींचं तत्त्व एकच: उच्च दाबाचा अगदी क्षणभराचा झटका, दोन झटक्यांत साधारण सेकंदाचं अंतर, आणि सगळी भिस्त अर्थिंगवर. तू झटका मशीन दुरुस्त करत असशील, तर अर्थ रॉड किती ठोकायचे, गवत लागल्याने लाइन कशी गळते, हे तुला माहीत आहेच. पण एक सांगतो: तारेत थेट मेन लाइनची वीज सोडून द्यायचं काम कुणी कितीही पैसे दिले तरी करू नको. त्याने माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत.

चोरीच्या अलार्मपेक्षा मी तुला फायर अलार्म शिकायचा सल्ला देईन. बिल्डिंगला फायरची मान्यता कायद्यानेच लागते, म्हणून ते काम कधी थांबत नाही. शिवाय ते येणाऱ्या माणसाला चोरीचा अलार्म पटकन जमतो. कन्व्हेन्शनल (पॅनेलला फक्त लाइन कळते) आणि ॲड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता) यातला फरक समजून घे. ॲड्रेसेबल लूप पॅनेलमधून निघून पॅनेललाच परत येतो. एका जागी तुटला तर पॅनेल फॉल्ट दाखवतं, पण दोन्ही बाजूंनी डिटेक्टर चालू राहतात. आयसोलेटर कशाला असतो, स्मोक डिटेक्टर कुठे आणि हीट डिटेक्टर कुठे, स्वयंपाकघरात स्मोक काहून लावत नाहीत, ही प्रश्नावली ठरलेली आहे. ब्रिटिश पद्धतीत स्मोक डिटेक्टरची पोच ७.५ मीटर त्रिज्येची धरतात आणि हीटची ५.३ मीटर, अमेरिकी एनएफपीए ७२ मध्ये स्मोकचं एकमेकांतलं अंतर साधारण ९.१ मीटर. आखातात दोन्ही पद्धतींच्या बिल्डिंगा भेटतात, म्हणून ड्रॉइंगवर कोणतं स्टँडर्ड लिहिलं आहे ते आधी वाचायचं.

मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, वापरायला शिक. केबल ओढून झाली की ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचं, पण डिटेक्टर आणि पॅनेल जोडायच्या आधी. जोडल्यावर मेगर मारला तर इलेक्ट्रॉनिक्स जळतं, आणि एका चुकीत लूपभर डिटेक्टर जाऊ शकतात. बॅटरीचा हिशेबही वहीत करून बघ. समज, पॅनेल शांत असताना ०.२५ ॲम्पियर घेतं आणि अलार्म वाजताना १.२ ॲम्पियर. एनएफपीएप्रमाणे २४ तास स्टँडबाय आणि त्यानंतर ५ मिनिटं अलार्म चालला पाहिजे. ०.२५ गुणिले २४ म्हणजे ६, अलार्मचे ०.१, बेरीज ६.१, त्यावर २० टक्के वाढ, झाले ७.३२ ॲम्पियर-अवर. म्हणजे सवयीने आपण टाकतो ती ७ ची बॅटरी इथे कमी पडते, पुढची मोठी घ्यावी लागते. हा हिशेब कागदावर मांडून दाखवणारा पोरगा मुलाखतीत लगेच वेगळा दिसतो.

आणि मग कागद. परदेशात काम संपलं असं तेव्हाच म्हणतात, जेव्हा प्रत्येक डिटेक्टरचा पत्ता, जागा, तपासल्याची तारीख आणि निकाल लिहून सही होते. इंग्रजी बोलायला कच्चं असलं तरी साइटवर हिंदीने भागतं, फोरमन बहुतेक केरळचे असतात. पण ड्रॉइंगवरची चिन्हं, टेस्ट शीट, इन्स्पेक्शन रिक्वेस्ट हे सगळं इंग्रजीत. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं काम इंग्रजीत पाच ओळींत लिहायची सवय लाव: कुठे गेलो, काय बसवलं, काय मोजलं, काय बिघडलं होतं. दोन-चार महिन्यांत फरक दिसेल.

हे सगळं शिकायला विदर्भात जागा आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटला वेग आला. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सिस्टिम चालू असल्याचा फॉर्म बी लायसन्सधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचा असतो. या एजन्सी नागपूर, अमरावती, अकोल्यात आहेत. त्यांच्यात लाग, पगार दुकानापेक्षा कमी असला तरी. शिवाय कोराडी, चंद्रपूर, मौदा, तिरोडा इथली वीज केंद्रं, बुटीबोरीचे कारखाने, मिहान. शटडाउनच्या वेळी तिथे ठेकेदारांना केबल आणि डिटेक्टरची माणसं लागतात. तिथे गेटपास, वर्क परमिट, सेफ्टी हार्नेस या गोष्टी अंगवळणी पडतात, आणि अनुभवाचा दाखला लेटरहेडवर मिळतो. दुकानदाराच्या साध्या कागदापेक्षा त्या दाखल्याला वजन असतं. अप्रेंटिसशिप झाली नसेल तर ती करून तिचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, एनएसी, घे.

कागदांत आपल्या मुलांचं नेहमी अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गाळलेलं किंवा स्पेलिंग वेगळं. पासपोर्टवर जे आहे त्याच्याशी बाकीचं जुळवून घे, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नको. एकाच नावाचा पासपोर्ट अमिराती व्हिजिट व्हिसाला चालवून घेत नाही. आयटीआय प्रमाणपत्राचं अटेस्टेशन अमिरातीसाठी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास असं होतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत निघतं. आपल्या कामात आपण लोकांच्या तिजोरीजवळ आणि बेडरूमच्या दारापर्यंत जातो, म्हणून चारित्र्याची चौकशी इतर धंद्यांपेक्षा कडक असते. गावात भांडणाची एखादी केस असेल तर ती आधी मिटव. आणि साइटवरचे फोटो, रील स्टेटसला टाकायची सवय आतापासून सोड. पॅनेलचा किंवा कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोटो बाहेर गेला तर नोकरी जाते, अमिरातीत परवानगीशिवाय काढलेल्या फोटोवरून पोलीस केसही होऊ शकते.

उन्हाचं काय, आपण तर ४६ डिग्रीत वाढलो, असं सगळेच म्हणतात. आपलं ऊन कोरडं आहे, घाम वाळतो, म्हणून कूलर चालतो. दुबई-दोह्याच्या किनाऱ्यावर हवेत पाणी असतं, घाम वाळत नाही आणि अंग आतून तापतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवावं लागतं, पण सीलिंगच्या आतली जागा, एसी सुरू न झालेली इमारत, तिथे हा नियम कामाला येत नाही. पाणी पीत राहणं हाच उपाय. तुझ्या घरात सिकल सेल कुणाला असेल, आणि आपल्या भागात हा आजार पुष्कळ आहे, तर आरोग्य केंद्रात तपासणी करून घे. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलचा त्रास उसळतो. रुग्णाने अशा कामाला जाऊ नये असंच माझं मत आहे, आणि नुसता वाहक असेल त्यानेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. छातीच्या एक्सरेत जुन्या क्षयाचा डाग निघाला तरी आखाताची मेडिकल अडकते. हे एजंटला पैसे द्यायच्या आधी कळलेलं बरं.

युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचंही थोडक्यात सांगतो, कारण पुढे तुला कुणीतरी तिकडचं स्वप्न दाखवणार. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पदवीच्या पातळीचं काम आणि साधारणपणे वर्षाला ४१,७०० पाउंड पगार अशी अट केली आहे, मोजके अपवाद सोडून. ऑस्ट्रेलियात राज्याचं सिक्युरिटी लायसन्स आणि केबलिंगची वेगळी नोंदणी लागते. जर्मनीला इलेक्ट्रिशियन, टेक्निशियन हवे आहेत, आपल्या राज्याने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करारही केला, पण जर्मन भाषा आल्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. तू बावीस-तेवीस वर्षांचा असशील, तर आखातात चार वर्षं आणि संध्याकाळी जर्मन, हा रस्ता मला पटतो. यांपैकी कुठल्याही देशाचा व्हिसा "महिनाभरात काढून देतो" म्हणणाऱ्याला उभं करू नको.

जमिनीबद्दल आणखी एक. नोकरीसाठी बाहेर गेलास की परकीय चलन कायद्याने तू अनिवासी ठरतोस. आधीपासून तुझ्या नावावर असलेलं वावर तुझंच राहतं, वारसाहक्काचंही मिळतं, पण अनिवासी असताना स्वतःच्या नावाने शेतजमीन विकत घेता येत नाही. पैसे साठले आणि शेजारचं वावर विकायला निघालं तर ते बाबांच्या नावाने घ्यावं लागेल. बँकेत जाऊन अनिवासींसाठीचं एनआरई खातं उघड, पगार त्यातच पाठव. घरी एका फाइलमध्ये पासपोर्ट, करार, व्हिसा, विम्याच्या प्रती ठेव, आणि धाकट्या बहिणीला किंवा भावाला दाखवून ठेव. तिथे अडचण आलीच तर भारतीय दूतावासात जायचं. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, ते घरच्यांनाही इथून वापरता येतं.

एजंटला एवढंच कळव: ई-मायग्रेटवरचा लायसन्स नंबर, टेक्निशियन हुद्द्याचं मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर आणि ३५,४०० ची पावती, हे तिन्ही दिलं तर पुढे बोलू. जूनच्या शेवटापासून एजन्सींकडे फॉर्म बीच्या कामाची गर्दी सुरू होते आणि त्यांना हाताखाली माणूस हवा असतो. मेमध्येच नागपूर-अमरावतीला चक्कर मार, मल्टिमीटर आणि तुझी वही बरोबर घेऊन जा.